सहा संत, एक कागद: हातातल्या वस्तूंवरून ओळख पक्की कशी करायची?

शाईटाक

पेन आणि तपकिरी शाईतल्या एका रेखाटनाची सविस्तर नोंद लिहायची आहे. सध्याच्या नोंदीत ‘सहा संत, दक्षिण जर्मनी, १५व्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढंच आहे. रंग नाही, नावं नाहीत, तेजोवलय सहापैकी दोघांनाच. आकृत्या उभ्या, दोन ओळींत तीन-तीन:

१) मुकुट घातलेली तरुणी. डाव्या हातात तलवार, टोक जमिनीकडे. झग्याच्या घेरामागून दातेरी कमानीसारखं काहीतरी डोकावतंय.
२) मोकळ्या केसांची तरुणी. हातात उंच दांड्याचा चषक, त्यावर अधांतरी छोटी चकती. खांद्यामागे दोन उभ्या समांतर रेघा, पण कागद वरून कापला गेलाय.
३) डोक्याला कापड गुंडाळलेली स्त्री, हातात झाकणाचं भांडं.
४) बिशप. उजव्या हातात धर्मदंड, डाव्यात लाटण्यासारखी वस्तू, तिला दोर गुंडाळल्यासारखा.
५) दाढीवाला म्हातारा. काठीच्या माथ्यावर आडवी दांडी, पायाशी एक बुटकं जनावर.
६) रुंद कडेची टोपी घातलेला पुरुष, अंगरखा वर उचलून मांडी दाखवतोय.

पहिली कॅथरीन असावी, पण तलवार तर निम्म्या हुतात्म्यांच्या हातात असते. नुसत्या चषकावरून दुसरीला बार्बरा म्हणता येईल का? चौथ्याच्या हातात नेमकं काय आहे? आणि तलवार डाव्या हातात असण्याला काही अर्थ आहे का?

पोथीवाचक

हातातल्या वस्तूपासून सुरुवात केली की घोळ होतोच. आधी कपडे बघा, मग अनेकांना लागू पडणाऱ्या खुणा, मग खास वस्तू, आणि शेवटी ती वस्तू अंगाला कुठे लागते ते.

कपड्यांवरून माणसाचा वर्ग कळतो. मोकळे केस म्हणजे कुमारी, झाकलेलं डोकं म्हणजे बहुधा विवाहिता, विधवा किंवा मठवासिनी. लांब झगा आणि अनवाणी पाय दिसले तर आधी प्रेषितांचा, म्हणजे ख्रिस्ताच्या बारा शिष्यांचा विचार करा. मुकुट राजघराण्याचा, खजुराची झावळी हुतात्म्याची, तलवार बहुतेक वेळा मरण कसं आलं ते सांगणारी. पुस्तक तर कोणाच्याही हातात सापडतं. या खुणांनी ढीग निम्मा होतो, नाव मिळत नाही. नाव मिळतं ते खास वस्तूवरून. आपल्या मूर्तिशास्त्राच्या भाषेत लांछनावरून.

पहिलीची तलवार आता विसरा आणि ती दातेरी कमान भिंगाखाली घ्या. कॅथरीनचं चाक आणि मार्गारेटचा ड्रॅगन घेरामागून अर्धवट डोकावताना चक्क सारखे दिसतात, आणि मुकुट दोघींनाही असू शकतो. चाकाचे दाते सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे आणि बहुधा एकाच बाजूला झुकलेले असतात. आतल्या बाजूला एखादा आरा किंवा धावेची दुसरी समांतर रेघ दिसते. ड्रॅगनच्या पाठीचे काटे शेपटीकडे लहान होत जातात आणि आत खवल्यांच्या बारीक कमानी असतात. मार्गारेटच्या झग्याचं टोक पुष्कळदा ड्रॅगनच्या जबड्यातून बाहेर लोंबतं, कारण त्याने तिला गिळलं आणि ती पोट फाडून बाहेर आली. कापड कुठे विचित्र दाबलं गेलंय का, तेही पाहून घ्या.

चाक निघालं तर ते तुटकं आहे का बघा. कथेप्रमाणे काटेरी चाकं स्वर्गातून आलेल्या आघाताने फुटली आणि शेवटी तिचा शिरच्छेद झाला. म्हणून चाक आणि तलवार अशी जोडी येते: चाक फसलेल्या छळाचं, तलवार खऱ्या मरणाची. अख्खं चाकही सापडतं, त्याने ओळख मोडत नाही. पायाखाली दाढीवालं छोटंसं मुकुटधारी डोकं असेल तर तो सम्राट माक्सेंटियस, मग शंकाच नको. रेखाटनात हे डोकं चार-पाच रेघांत उरकलेलं असतं आणि घेराच्या चुण्यांत हरवतं.

तलवार गळ्यात आरपार असती तर ल्युसी म्हणावं लागलं असतं. आल्प्सच्या उत्तरेकडे ती खूण चांगली चालते. डोळ्यांवर मात्र विसंबू नका. ताटलीत डोळे असले तर ल्युसी, पण मठाध्यक्षेच्या वेशात पुस्तकावर दोन डोळे ठेवलेली स्त्री म्हणजे आल्सासची ओडिलिया, आणि ती तर तुमच्या रेखाटनाच्या शेजारच्याच मुलखातली.

दुसरी बार्बराच वाटते, पण नुसता चषक पुरेसा नाही. वर जी चकती आहे ती ओस्ती, म्हणजे मिस्सा या चर्चमधल्या उपासनेत वाटली जाणारी पवित्र भाकर. अचानक मरण येऊन अखेरचं कम्युनियन, म्हणजे मरणाआधी ती भाकर घेणं, चुकू नये म्हणून लोक बार्बराचा धावा करत, त्यातून मिस्साचा चषक तिच्या हातात आला. तिचं जुनं लांछन म्हणजे मनोरा. बापाने तिला त्यात कोंडलं; दोन खिडक्यांचा बेत असताना तिने गवंड्यांकडून तिसरी पाडून घेतली, पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्यासाठी. तुमच्या त्या दोन समांतर रेघा मनोऱ्याच्या कडा असू शकतात. त्यांच्यामध्ये खिडकीची एखादी उभी फट किंवा दगडांच्या आडव्या सांध्यांच्या रेघा शोधा.

चषकाचे दुसरे दावेदारही तपासायला हवेत. योहान सुवार्तिक हा बिनदाढीचा, लांब केसांचा तरुण असतो आणि रंगाशिवाय त्याला बाई समजण्याची चूक सर्रास होते. त्याच्या प्याल्यातून साप किंवा छोटा ड्रॅगन वर येतो, ते विष. मोकळे केस आणि अनवाणी पाय एकत्र आले की योहान असण्याची शक्यता वाढते. क्लाराच्या हातात ओस्तीचं पात्र असतं, पण अंगावर फ्रान्सिस्कन झगा आणि कमरेला गाठींची दोरी. शिवाय श्रद्धा हा सद्गुण आणि ख्रिस्तसभा यांच्या रूपकात्मक स्त्रियाही चषक धरतात. त्या संत नाहीत, त्यांना तेजोवलयाची गरज नाही. पण तुमच्या कागदावर चौघांना वलय नाहीच, त्यामुळे इथे वलय नसण्यावरून काही सिद्ध होत नाही.

काठीटोपी

चौथ्याच्या हातातलं लाटणं नाही, रहाट आहे. जहाजावर नांगराचा दोर गुंडाळायचा आडवा दांडा. बिशप आणि रहाट म्हणजे एरास्मस. तो खलाशांचा पाठीराखा, म्हणून दोराचा रहाट. पुढे तो दोर म्हणजे आतडं समजलं गेलं आणि पोट चिरून आतडी रहाटावर गुंडाळल्याची कथा चिकटली, असं सर्वसाधारणपणे मानतात. वस्तू आधी, गोष्ट नंतर. संतांच्या बाबतीत असं उलटं बरेचदा घडलंय. १५व्या शतकात तो पोटाच्या दुखण्यांसाठी पूजला जाई. पक्कं करायचं तर दांड्याच्या टोकांना हातानं फिरवायच्या खुंट्या किंवा भोकं आहेत का बघा. नखांत खुपसलेल्या आऱ्या दिसल्या तर तोही एरास्मसच.

बाकी बिशपांशी गल्लत होऊ नये म्हणून: निकोलसकडे तीन सोन्याचे गोळे किंवा पिंपातली तीन मुलं, वोल्फगांगकडे चर्चची छोटी प्रतिकृती आणि कुऱ्हाड, ब्लेझकडे मेणबत्ती किंवा लोकर विंचरायचा लोखंडी फणा, देनिसच्या हातात त्याचंच मुंडकं. मायटर, म्हणजे बिशपची उंच टोपी, नसेल आणि धर्मदंडाला कापड लोंबत असेल तर तो बहुधा मठाधिपती. पण कित्येक मठाधिपतींनाही मायटर घालायचा मान मिळालेला होता, तेव्हा मायटर आहे म्हणून बिशपच असं नाही.

पाचवा अंतोनी मठवासी. ग्रीक टाऊ अक्षरासारखी, म्हणजे टी आकाराची काठी, घंटा, डुक्कर आणि पायाशी ज्वाळा, या चारपैकी दोन मिळाल्या तरी काम होतं. डुकराबद्दल फार भाबडं वाचायला मिळतं. मोहाचं प्रतीक वगैरे अर्थ लावले जातात, पण सरळ कारण व्यवहाराचं आहे. त्याच्या नावाच्या संघाची रुग्णालयं होती आणि संघाच्या डुकरांना घंटा बांधून गावात मोकळं चरू द्यायची सवलत होती. तिथे ‘अंतोनीची आग’ झालेले रोगी येत. राय धान्यावरच्या अर्गट बुरशीने हातपाय जळाल्यासारखे होऊन झडायचे. मलमांत डुकराची चरबी असे. म्हणून ज्वाळा, घंटा आणि डुक्कर एकाच माणसाभोवती गोळा झाले. पादुआचा अंतोनी वेगळा: तो बिनदाढीचा फ्रान्सिस्कन, हातात लिलीचं फूल. नोंदीत नुसतं ‘अंतोनी’ लिहू नका. फिलिपच्या हातातही कधी टी आकाराचा क्रूस असतो, पण प्रेषित असल्याने तो अनवाणी आणि जनावराशिवाय.

सहावा रोख. मांडीवरची गाठ प्लेगची. अशी गाठ जांघेत येते. चित्रकारांनी सभ्यतेसाठी ती खाली मांडीवर सरकवली. सोबत तोंडात पाव धरलेला कुत्रा किंवा जखमेकडे हात नेणारा देवदूत असतो. टोपीवर काय खोचलंय ते बघा. शिंपला ही प्रेषित याकोबची खूण, म्हणून तो दिसला की लोक डोळे मिटून याकोब लिहितात, पण शिंपला कोणत्याही यात्रेकरूच्या टोपीवर चालतो. रोख रोमला गेला होता म्हणून त्याच्या टोपीवर फुलीसारख्या दोन किल्ल्याही सापडतात. गाठ असेल तर रोख, मग शिंपला असो वा नसो.

रोखचा उपयोग काळ ठरवायलाही होतो. व्हेनिसमधला त्याच्या नावाचा बंधुसंघ १४७८चा, अवशेष तिथे आले १४८५ मध्ये, आणि शतकाच्या शेवटच्या पावभागात त्याची भक्ती आल्प्सपलीकडे जोरात पसरली. त्यामुळे तुमच्या नोंदीतला ‘उत्तरार्ध’ हा शब्द ‘अखेरचा पावभाग किंवा थोडा नंतर’ असा आवळता येईल. हा पुरावा नव्हे, कल आहे.

एक आगाऊ सूचना. बार्बरा, कॅथरीन आणि एरास्मस बघून कोणीतरी लगेच ‘चौदा साहाय्यक संतांपैकी’, म्हणजे संकटात एकत्र धावा करायच्या संतांच्या ठरलेल्या यादीतले, असं लिहील. तिघे त्या यादीत आहेतच, पण अंतोनी आणि रोख नेहमीच्या यादीत नाहीत, ते काही ठिकाणच्या बदललेल्या याद्यांत येतात.

मायफळ

मी कागद आणि शाईपुरतं बोलतो, कारण वस्तू कोणाची हे ठरवण्याआधी ती मूळ चित्रकारानेच काढली आहे का हे ठरवायला हवं.

कार्यशाळेत उभ्या आकृत्यांचे नमुने साठवून ठेवत आणि गिऱ्हाईक सांगेल तशी वस्तू हातात देत. व्हिएन्नातली १५व्या शतकाच्या सुरुवातीची नमुनावही बघा: १४ मॅपलच्या फळ्यांवर चिकटवलेली ५६ छोटी रेखाटनं, माणसांची आणि जनावरांची डोकी. डोकी तयार ठेवायची, बाकी काम येईल तसं. त्याच सवयीने एकच तरुणी आज चाक घेऊन कॅथरीन होते, उद्या टोपली घेऊन डोरोथी. म्हणून पकड तपासा. बोटं वस्तूभोवती वळलेली आहेत का? वस्तूची रेघ बोटांपाशी थांबते की बोटांवरून सरळ पुढे जाते? थांबत असेल तर हात आणि वस्तू एकत्र सुचलेली आहेत. वरून जात असेल तर वस्तू मागाहून आली, त्याच हाताने किंवा दुसऱ्या.

दुसरी तपासणी शाईची. मायफळ, हिराकस आणि डिंक यांची शाई लिहिताना फिकी, हवेने काळी आणि शतकांनी तपकिरी होते. दोन वेगळ्या घाण्यांच्या शाया वेगवेगळ्या तपकिरी होतात. रहाट आणि धर्मदंड एकाच छटेचे आहेत का ते दिवसाच्या उजेडात, कडेने प्रकाश टाकून बघा. अवरक्त कॅमेरा मिळाला तर उत्तम: मायफळाची शाई १००० नॅनोमीटरच्या आसपास जवळजवळ नाहीशी होते, कोळशाची काजळी किंवा काजळाची शाई काळीच राहते. खाली कोळशाचं कच्चं रेखाटन असेल तर तिथे वरच्या पक्क्या रेघेपेक्षा वेगळी वस्तू दिसू शकते.

चांदीच्या सळईची रेखाटनं या बाबतीत सोपी. कोऱ्या कागदावर चांदी उमटत नाही, आधी हाडांची राख आणि सरस यांचा हात द्यावा लागतो, आणि रेघ खोडायची म्हणजे तो थरच काढायचा. बदल लपत नाही. पेनात लपतो.

आता डाव्या हाताचं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसंच्या तसं कोरलं की छापताना ते आरशातल्यासारखं उलटं येतं. शोंगाउअर या जर्मन चित्रकाराच्या कोरीव चित्रांच्या नकला इस्राहेल फान मेकेनेमसारख्या कोरक्यांनी पुष्कळ केल्या, आणि अशा उलट्या छापांवरून पुन्हा रेखाटनं झाली. तुमचा बिशप धर्मदंड उजव्या हातात धरतो. रीत अशी की दंड डाव्या हातात आणि उजवा आशीर्वादाला मोकळा. तलवार डावीत, दंड उजवीत: दोन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात. पण दोन्ही हात भरलेले असले की चित्रकार दंड कुठेही देतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका. आशीर्वादाचा हात, म्यान कोणत्या कमरेला आहे, आणि सावलीसाठी मारलेल्या छटेच्या तिरक्या रेघा या तीन जागा बघा. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या रेघा सहसा खालून डावीकडून वर उजवीकडे झुकतात. आकृती उलटी आणि छटा सुलटी, म्हणजे छापावरून केलेली नक्कल असण्याची शक्यता चांगलीच वाढते. तसं असेल तर त्याच नमुन्याचा छाप कुठेतरी सापडण्याची आशा आहे, आणि शोधताना आरशातली प्रतिमा घेऊन शोधा.

शाईटाक

भिंगाखाली पाहिलं. पहिलीचे दाते सारख्या उंचीचे, आत दुसरी समांतर रेघ आणि एक मोडका आरा. चुण्यांत छोटा मुकुटही सापडला. चौथ्याच्या दांड्याला दोन्ही टोकांना आडव्या खुंट्या आहेत, बोटांपाशी रेघ थांबते. छटेच्या रेघा खालून डावीकडून वर उजवीकडे. सहाव्याच्या टोपीवर काही नाही, मांडीवर लहान फाट आणि पायाशी अर्धा पुसट कुत्रा. दुसरीच्या मागच्या रेघांमध्ये काही दिसत नाही, कोरी जागा. आणि तिसरीबद्दल कोणीच बोललं नाही.

पोथीवाचक

तिसरीला भांड्याच्या बुडावरून ओळखा. सपाट बुडाचं, सरळ अंगाचं, गाठीच्या झाकणाचं असेल तर सुगंधी लेपाची डबी, म्हणजे मरीया मग्दालिया. खाली दांडा आणि दांड्याला मधोमध फुगीर गाठ असेल तर ते चर्चचं पात्र. कान आणि चोच असेल तर ती सुरई, आणि मग हंगेरीची एलिझाबेथ. तिच्याजवळ पाव किंवा भिकारी शोधा. मठाध्यक्षेच्या वेशात छोटी कुपी म्हणजे आइश्टेटची वालबुर्गा, तिच्या कबरीतून झिरपणाऱ्या तेलाची. मग्दालियाचा पोशाख बहुधा सगळ्यात श्रीमंती, त्या काळच्या फॅशनचा, आणि गुंडाळलेल्या कापडाखालून केसांची बट किंवा वेणी सुटलेली असते.

बार्बराच्या मागच्या कोऱ्या रेघांवर मला मनोरा ठामपणे लिहवत नाही.

काठीटोपी

मी लिहीन. मनोरा नेहमी हातात किंवा खेळण्याएवढा असतो ही समजूत इथे नडते. यान फान आयक या चित्रकाराची १४३७ची बार्बरा बघा, अँटवर्पच्या संग्रहालयात आहे. ओकच्या फळीवर खडूच्या थरावर कुंचल्याच्या बारीक टोकाने काढलेली, जेमतेम वीतभर-दीड वीत उंच. ती पुढे बसलीय, मांडीवर पुस्तक, हातात झावळी. तुरुंगाचा मनोरा तिच्या मागे अख्ख्या कॅथेड्रलचा बुरूज होऊन उभा राहतोय, माथा अजून अपुरा, भोवती गवंडी आणि पाथरवट मुंग्यांसारखे. पुढच्या बाईला झाकून फक्त बुरुजाचा मधला पट्टा पाहिला तर मागे असंच चालू बांधकाम आहे असं वाटेल. तुमच्या कागदाचा वरचा भाग कापलेला आहे, खिडक्या तिथेच गेल्या असणार.

मायफळ

असणार नाही, असतील. कापलेल्या कडेपाशी रेघा एकमेकींकडे झुकतात का ते पट्टीने मोजा: खाली किती मिलिमीटर अंतर, वर किती. मनोरा वर थोडा निमुळता होतो किंवा कठड्यापाशी बाहेर येतो. अंतर शेवटपर्यंत तेवढंच राहिलं तर ती चौकटीची किंवा कोनाड्याची कडही असू शकते, विशेषतः इतर आकृत्यांमागेही तशी रेघ असेल तर. शिवाय कागद उजेडासमोर धरून साच्याच्या तारांच्या रेघा आणि जलचिन्ह टिपून घ्या. बैलाचं डोकं निघालं तर हुरळून जाऊ नका, ते त्या मुलखात इतकं वापरात होतं की नुसत्या आकाराने काही ठरत नाही. शिंगांची उंची, डोळे आहेत की नाहीत, कपाळावरची दांडी आणि दोन तारांमधलं अंतर, हे सगळं मोजून नोंदवलं तरच तुलना करता येते.

शाईटाक

मोजलं. खाली ११ मिमी, कापलेल्या कडेपाशी ९. बाकी पाचांच्या मागे काहीच नाही. तिसरीच्या भांड्याचं बूड सपाट, कानाजवळ एक बट सुटलेली. नोंदीत असं लिहितोय: ‘१ कॅथरीन, २ बार्बरा, चषक व ओस्ती, मागे कापला गेलेला बहुधा मनोरा, ३ मरीया मग्दालिया, ४ एरास्मस, ५ अंतोनी मठवासी, ६ रोख. आकृती १ व ४ मध्ये हातांची अदलाबदल, उलट्या छापावरून नक्कल शक्य.’

पाचव्याच्या जनावराला मी कुत्रा समजत होतो. कानाखाली घंटा लटकतेय, दोन रेघा आणि एक ठिपका.